अबू रैहान अल-बिरूनी (रह.) : एका जिज्ञासू आलिमाचे जीवन



शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘अल्बेरुनी’ हे नाव आपण एखाद्या ओळीत वाचले असेल. महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानात आलेला प्रवासी, एवढीच त्याची ओळख तेथे असते. ही ओळ चुकीची नाही, परंतु समुद्राला ओंजळभर पाणी म्हणावे तशी ती आहे. या महिन्यात त्यांचे जीवन आपणासमोर मांडण्यास एक कारण घडले. जुम्याच्या नमाजनंतर पालक मला वारंवार विचारतात की, मुलाला मदरशात घालावे की विज्ञान शाखेत. विचारण्याच्या स्वरातच असे गृहीत असते की दीन एका काठावर आहे, जगाचे ज्ञान दुसऱ्या काठावर, आणि मध्ये पूल नाही. अशा वेळी मला बिरूनींची आठवण होते. ताऱ्यांची गती, पृथ्वीचा आकार, धातूंचे वजन, औषधी वनस्पती, निरनिराळ्या कौमांची पंचांगे, परधर्मीयांच्या श्रद्धा आणि चालीरीती, हे सारे या एका माणसाने अभ्यासले. आणि हे सारे करताना त्यांच्या मनात दोन काठ नव्हते.

अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरूनी यांचा जन्म हिजरी 362 च्या जिल्हज महिन्याच्या 3 तारखेला, म्हणजे 4 सप्टेंबर 973 रोजी, ख्वारिज्म देशाच्या काथ या राजधानीत झाला. जैहून नदीच्या काठचा हा प्रदेश आज उझबेकिस्तानात आहे. ‘बिरून’ या फारसी शब्दाचा अर्थ बाहेर. नगराच्या तटाबाहेरील वस्तीतला म्हणून ते बिरूनी. त्यांची मातृभाषा ख्वारिज्मी होती. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषा त्यांना शिकून मिळवाव्या लागल्या. उतारवयात त्यांनी लिहून ठेवले आहे की, आपल्या मातृभाषेत एखादे शास्त्र लिहिले गेले तर ते घराच्या पन्हळीवर उंट बसल्यासारखे विचित्र दिसेल. घरात एक बोली, मदरशात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलून वाढलेल्या आपल्यासारख्यांना या विनोदामागचे दुखणे चटकन कळावे. मी मात्र त्यांच्याशी येथे सहमत नाही. कोणतीही भाषा शास्त्राला अपुरी नसते, तिच्यात लिहिणारे अपुरे पडतात.

त्यांना उस्ताद लाभले ते अबू नस्र मन्सूर, ख्वारिज्मच्या राजघराण्यातील एक थोर गणिती. सतराव्या वर्षी बिरूनींनी सूर्याची माथ्यावरची उंची मोजून आपल्या काथ नगराचा अक्षांश ठरविला. विशीत त्यांनी पंधरा हात व्यासाचे एक मोठे वर्तुळाकार उपकरण सिद्ध केले होते. परंतु 995 मध्ये ख्वारिज्ममध्ये सत्तापालट झाला, उस्तादांच्या घराण्याचे राज्य गेले, आणि बावीस वर्षांच्या या तरुणाला उपकरणे मागे टाकून पळावे लागले. रै शहरातले दिवस हलाखीचे होते. तेथे एका ज्योतिर्विदाने एका शास्त्रीय मुद्द्यावर त्यांची टर उडविली. युक्तिवादात खोट काढून नव्हे, तर समोरचा माणूस दरिद्री आहे एवढ्यासाठी. पुढे बिरूनींची परिस्थिती सुधारली तेव्हा तोच गृहस्थ स्नेहाने बोलू लागला. ही हकीकत त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

तरीही काम थांबले नाही. 24 मे 997 च्या रात्री चंद्रग्रहण होते. बिरूनींनी ते काथहून पाहिले आणि बगदादेत थोर गणिती अबुल वफा यांनी. दोघांनी आधीच तसे ठरवून ठेवले होते. ग्रहण दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी लागते, परंतु दोन्हीकडची स्थानिक वेळ वेगळी असते. दोघांच्या नोंदी ताडून पाहता सुमारे तासाभराचा फरक निघाला. आकाश चोवीस तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश. अशा रीतीने दोन नगरांमधले रेखांशाचे अंतर हाती आले. शेकडो कोसांवरचे दोन अभ्यासक एकाच रात्री एकाच चंद्राकडे डोळे लावून बसले आहेत, हे चित्र मला फार प्रिय आहे.

सन 1000 च्या सुमारास जुर्जान येथे काबूस या अमीराच्या आश्रयाला असताना त्यांनी पहिला मोठा ग्रंथ पूर्ण केला, ‘अल-आसारुल बाकिया’. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस. इराणी, सोग्दी, ख्वारिज्मी, यहुदी, ख्रिस्ती, इस्लामपूर्व अरब आणि मुसलमान अशा अनेक लोकांचे संवत, महिने, सण आणि उपवास यांचा हा कोश आहे. वरकरणी विषय गणिताचा दिसतो. परंतु लोक काळ कसा मोजतात हे सांगायचे, तर ते कशावर श्रद्धा ठेवतात हेही सांगावे लागते. म्हणून गणिताचा हात धरून ते समाजशास्त्रात शिरले. याच सुमारास वयाने सात वर्षे लहान असलेल्या इब्न सीनांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. बिरूनींनी अठरा प्रश्न पाठविले. त्यांतले दहा ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक मतांवर होते. या विश्वापलीकडे दुसरे विश्व असणे अशक्य का मानावे? पाणी गोठून बर्फ होतो तर तो बुडण्याऐवजी तरंगतो का? उत्तरे आली, त्यांवर पुन्हा आक्षेप गेले, आणि भाषा दोन्हीकडून तिखट झाली. शेवटी इब्न सीनांच्या वतीने त्यांच्या शिष्याने उत्तरे दिली. थोरामोठ्यांचे वाद नेहमीच गोड असत, असे मानण्याचे कारण नाही.

पुढे ते मायदेशी परतले आणि गुर्गंज येथील ख्वारिज्मशाहाच्या दरबारी राहिले. 1017 मध्ये सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि बिरूनींना, त्यांच्या उस्तादांसह, गझनीला नेले. ते कैदी होते की दरबारी, यावर इतिहासकारांचा वाद आहे. सुलतानाने त्यांची परीक्षा पाहिल्याच्या आणि त्यांना बंदिखान्यात टाकल्याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. त्या मी येथे सोडून देतो. त्यांच्या स्वतःच्या नोंदीतला एक प्रसंग त्या कथांहून बोलका आहे. 14 ऑक्टोबर 1018 रोजी ते काबूलजवळच्या एका गावी होते. मन विटलेले, हाती एकही उपकरण नाही. त्यांनी हिशेबाची पाटी घेतली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा कंस आखून त्यावर अंश पाडले, एका दोऱ्याला वजन बांधून ओळंबा केला आणि सूर्याची उंची मोजून त्या जागेचा अक्षांश काढला.

ही मोजमापे कशासाठी? याचे उत्तर ‘तहदीदु निहायातिल अमाकिन’ या ग्रंथात सापडते. 1018 मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि 1025 मध्ये गझनीत संपले. वाचकहो, आपण रोज पाच वेळा किब्ल्याकडे तोंड करतो. सूरह बकरातील हुकूम आपणांस ठाऊक आहे. परंतु मक्का डोळ्यांसमोर नसताना तिची दिशा कळणार कशी? आज खिशातला फोन ती दाखवतो. त्या काळी गझनीच्या मशिदीत उभ्या असलेल्या मोमिनासाठी तो भूगोलाचा आणि त्रिकोणमितीचा अवघड प्रश्न होता. मक्का आणि गझनी यांचे अक्षांश-रेखांश अचूक कळल्यावाचून, आणि पृथ्वी गोल आहे हे हिशेबात धरल्यावाचून, किब्ला निघत नाही. बिरूनींनी बगदादपासून गझनीपर्यंतचे अंतर नगरामागून नगर जोडत काढले. एक साखळी रै, गुर्गंज आणि बल्ख या मार्गाने, तर दुसरी शीराज आणि सीस्तानमार्गे. काफिल्यांची वाट वळणावळणाची असते म्हणून त्यांनी अंतरातून योग्य तो भाग वजा केला, आणि दोन्ही वाटांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली. ज्यांना भूगोल आणि गणित ही दीनापासून दूर नेणारी शास्त्रे वाटत, त्यांना या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी सविस्तर उत्तर दिले आहे. पूर्ण ग्रंथच त्या उत्तराचा पुरावा आहे.

याच ओघात आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. मी स्वतः इमाम असल्याने तो वाचताना माझी मान थोडी खाली जाते. नमाजच्या वेळा ठरविण्यासाठी बिरूनींनी एक उपकरण तयार केले. सूर्याची गती सौर महिन्यांनी कळते, म्हणून त्यावर रूमी लोकांचे महिने कोरले होते. मशिदीतल्या एका जबाबदार माणसाने ते वापरण्यास नकार दिला, कारण हे महिने काफिरांचे. बिरूनींनी त्याला सुचविले की रूमी लोक जेवतातही, तेव्हा त्याने त्यांचे अनुकरण नको म्हणून जेवणही सोडावे. उत्तर कडू खरे. पण अजानची वेळ ज्याच्या हाती, त्याला सावलीचे गणित नकोसे वाटावे, यातली विसंगती त्यांना सहन झाली नाही.

हिंदुस्थानच्या स्वाऱ्यांच्या काळात ते पंजाबात आले. मिठाच्या डोंगररांगेतील नंदना किल्ल्यावर, जो आज पाकिस्तानातील झेलम जिल्ह्यात आहे, त्यांनी पृथ्वी मोजली. यापूर्वी खलिफा मामूनच्या काळी विद्वानांच्या तुकड्यांनी वाळवंटात दूरवर चालत जाऊन एका अंशाचे अंतर मोजले होते. बिरूनींची रीत वेगळी होती. समोर सपाट मैदान असलेला एक उंच डोंगर घ्यावा, त्याची उंची काढावी, मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजावा. डोंगराची उंची 652 हात भरली आणि कोन अवघ्या 34 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक. या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या काढली. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत आपण वाचले असेल की त्यांचे उत्तर आजच्या मापाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. असे ठामपणे म्हणू नये. त्यांचा ‘हात’ नेमका किती लांबीचा, यावर एकमत नाही, आणि हवेमुळे प्रकाश वाकतो ही गोष्ट त्या हिशेबात नव्हती. खोट्या अचूकतेने त्यांची थोरवी वाढत नाही. त्यांनी स्वतः काय केले ते पाहा. आपले उत्तर मामूनच्या विद्वानांच्या उत्तराजवळ येते हे पाहून त्यांनी समाधान मानले, आणि पुढील हिशेबांत आकडा मात्र त्यांचा वापरला, कारण त्या लोकांची उपकरणे अधिक सूक्ष्म आणि कष्ट अधिक होते. स्वतःच्या शोधाला स्वतःच दुय्यम ठरविणे हे डोंगर मोजण्याहून कठीण आहे.

आता ज्या ग्रंथामुळे आपल्या देशाला त्यांचे नाव कळले, त्याकडे येऊ. ‘किताबुल हिंद’ या नावाने ओळखला जाणारा हा ऐंशी प्रकरणांचा ग्रंथ 1030 च्या सुमारास पूर्ण झाला. तो लिहिण्याचे निमित्त लक्षात घेण्यासारखे आहे. एका स्नेह्याशी बोलताना विषय निघाला की, लोक दुसऱ्या पंथांची आणि धर्मांची मते लिहितात तेव्हा ती मोडूनतोडून लिहितात, आणि हिंदूंविषयीची बहुतेक पुस्तके ऐकीव माहितीवर रचलेली आहेत. म्हणून बिरूनींनी ठरविले की खंडनमंडन करायचे नाही. हिंदू विद्वान जे मानतात ते त्यांच्याच ग्रंथांतून, त्यांच्याच शब्दांत मांडायचे, मग ते आपणांस पटो वा न पटो. प्रस्तावनेत त्यांनी साक्ष काढली ती सूरह निसातील आज्ञेची, सत्य स्वतःच्या विरुद्ध जात असले तरी तेच सांगावे, या आज्ञेची. वाचकहो, ही आयत आपण कोर्टकचेरीच्या संदर्भात ऐकतो. बिरूनींनी ती संशोधनाला लावली. परक्याचा धर्म चुकीचा सांगणे ही त्यांच्या लेखी खोटी साक्ष होती.

यासाठी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर संस्कृत शिकले. एका वस्तूला अनेक नावे आणि एका नावाचे अनेक अर्थ, अरबी जिभेला न उच्चारता येणारी जोडाक्षरे, नकलनविसांच्या चुका आणि सारे काही श्लोकांत, अशा अडचणी त्यांनी मोकळेपणाने नोंदविल्या आहेत. पंडितांपुढे ते आधी शिष्य म्हणून बसले. सांख्य आणि पतंजलींचा योग यांवरचे ग्रंथ त्यांनी अरबीत आणले, आणि उलट युक्लिडची भूमिती हिंदू विद्वानांसाठी संस्कृतात नेण्याचा प्रयत्न केला. ज्ञान एकाच दिशेने वाहावे, असे त्यांना वाटत नव्हते.

ग्रंथात दोष दाखविलेले नाहीत असे नाही. आपल्या देशासारखा देश नाही आणि आपल्या शास्त्रासारखे शास्त्र नाही, ही तत्कालीन पंडितांची वृत्ती त्यांना खटकली. पण त्यांचे पूर्वज असे नव्हते हेही त्यांनी वराहमिहिराचा दाखला देऊन सांगितले. दुसऱ्या बाजूला, ज्या सुलतानाच्या राज्यात ते राहत होते, त्याच्या स्वाऱ्यांनी या भूमीची भरभराट उद्ध्वस्त केली, लोकांच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा भरला आणि हिंदूंची शास्त्रे काश्मीर आणि बनारससारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेली, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. महमूद नुकताच वारला होता आणि गादीवर त्याचाच वंश होता. मूर्तिपूजेविषयी लिहिताना त्यांनी विद्वानांची श्रद्धा आणि सामान्यांची समजूत यांत फरक केला, आणि असाच फरक आपल्या मुसलमानांतही आहे हे सांगायला ते विसरले नाहीत. वर्णव्यवस्थेचे वर्णन करताना, आमच्याकडे तकव्याखेरीज माणसामाणसांत उच्चनीच नाही, आणि हाच दोन्ही समाजांमधला मोठा अडसर आहे, असे त्यांनी नोंदविले. पण प्राचीन इराणातही असे वर्ग होते, याची जोड त्याला दिली. एका समाजाला एकटे उभे करून त्याच्यावर बोट रोखणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते.

आणि आपणा महाराष्ट्रीयांना सुखावणारी एक बाब. ते स्वतः पंजाबाच्या फारसे पलीकडे गेले नाहीत, परंतु वाटसरूंकडून ऐकून त्यांनी रस्त्यांची अंतरे लिहिली. त्यांत धार नगरीहून दक्षिणेकडे जाणारी वाट आहे. तिच्यावर मरहट्ट देश येतो, आणि पुढे कोकण प्रांत व समुद्रकाठची त्याची राजधानी ठाणे. आज लोकलच्या गर्दीत ठाण्याला उतरणाऱ्या आपल्या भावांना कल्पना नसेल की हजार वर्षांपूर्वी गझनीतल्या एका आलिमाच्या वहीत या गावाचे नाव होते.

बाकीचे ग्रंथ थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकावर एक लेख होईल. ‘अत्-तफहीम’ हे गणित, खगोल आणि फलज्योतिष यांचे प्रश्नोत्तररूप पुस्तक आहे. ते त्यांनी रैहाना नावाच्या ख्वारिज्मी स्त्रीच्या विनंतीवरून लिहिले. मुलींच्या शिक्षणाविषयी अजूनही कुरकुरणाऱ्यांनी ही अर्पणपत्रिका पाहावी. त्यातला फलज्योतिषाचा भाग मात्र मी लपविणार नाही. तो आहे. दरबारी खगोलज्ञाकडून त्या काळी ती अपेक्षा असे, आणि त्या विद्येविषयी त्यांचा स्वतःचा अविश्वास अनेक ठिकाणी डोकावतो. ‘अल-कानूनुल मसऊदी’ हा खगोलशास्त्राचा महाग्रंथ सुलतान मसऊदला अर्पण केला होता. त्याबद्दल सुलतानाने हत्तीभर चांदी पाठविली आणि बिरूनींनी ती गरज नाही म्हणून परत केली, असे चरित्रकार सांगतात.

रत्ने आणि धातूंवरच्या ‘अल-जमाहिर’ या ग्रंथात सोन्यारुप्यामागे माणूस का धावतो याचा विचार आहे, आणि त्याच ग्रंथात पाचूची परीक्षा आहे. पाचू पाहताच सापाचे डोळे फुटतात, असे सर्वत्र मानले जाई. थोरथोर ग्रंथांत तसे लिहिलेले होते. बिरूनींनी पाचूचा हार सापाच्या गळ्यात घातला, पाचू त्याच्यासमोर धरले, आणि उन्हाळ्याहिवाळ्यात मिळून नऊ महिने हा प्रयोग चालविला. सापाला काही झाले नाही. धातूंची घनता काढण्यासाठी त्यांनी निमुळत्या तोंडाचे नळी असलेले भांडे बनविले. धातू आत टाकला की तेवढेच पाणी नळीतून बाहेर पडते, ते तोलायचे. सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून थोडे अधिक जड, हे त्यांच्या प्रयोगांतून निघते, आणि आजचा आकडाही तोच.

तिरसष्टाव्या वर्षी त्यांनी आपल्या ग्रंथांची यादी केली तेव्हा ती शंभरावर गेली. त्यांतले थोडेच आज उपलब्ध आहेत. शेवटचा ग्रंथ औषधींचा, ‘अस्-सैदना’. तेव्हा वय ऐंशीच्या घरात, नजर आणि कान दोन्ही थकलेले, म्हणून एका तबीबाची मदत घेतली. एकेका वनस्पतीची अरबी, यूनानी, सुर्यानी, फारसी आणि हिंदी नावे त्यात जुळवून दिली आहेत, कारण नावाच्या घोटाळ्याने चुकीचे औषध पोटात जाते.

गझनीतच 1048 च्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्या वेळची हकीकत याकूत हमवी यांनी आपल्या चरित्रकोशात दिली आहे. अबुल हसन वल्वालिजी नावाचे एक फकीह त्यांच्या समाचाराला गेले. श्वास घशात अडकत होता, छाती घरघरत होती. त्या अवस्थेत बिरूनींनी त्यांना विचारले की, वारसाहक्काच्या शास्त्रातील आईकडच्या विशिष्ट आजींच्या हिश्श्याचा मसला तुम्ही मागे एकदा सांगितला होता, तो पुन्हा कसा होता. मदरशात शिकलेल्यांना ठाऊक आहे की फराइजमधला हा किचकट भाग आहे आणि तो चांगल्या विद्यार्थ्यांनाही घाम फोडतो. फकीहांना दया आली. अशा वेळी हे कशाला, असे ते म्हणाले. बिरूनींनी त्यांना उत्तर दिले की हा मसला न कळता जग सोडण्यापेक्षा कळून सोडणे बरे नाही का. तेव्हा फकीहांनी तो पुन्हा समजावून सांगितला. बिरूनींनी तो ध्यानात ठेवला आणि पूर्वी कबूल केल्याप्रमाणे आपणही त्यांना काही शिकविले. निरोप घेऊन फकीह बाहेर पडले. ते अजून वाटेतच होते, तोच घरातून रडण्याचा आवाज त्यांच्या कानी आला.